मदत हवी आहे : क्रिएटिन घेताना क्रिएटिनिन वाढलं, पुढं काय करू?

मंडळी, मी परभणीचा, वय २४. पोलीस भरतीची तयारी करतोय. गोळाफेकीत ताकद कमी पडते म्हणून दोन महिने क्रिएटिन मोनोहायड्रेट (ताकदीसाठी घेतात ती पावडर) घेतलं, रोज ५ ग्रॅम. सुरुवातीला आठवडाभर रोज २० ग्रॅम घेतात, तो लोडिंगचा आठवडा मुद्दाम टाळला. जिममध्ये पुडीत सुटी पावडर मिळते, तीही घेतली नाही. सीलबंद डबाच आणला. स्क्वॉटमध्ये फरक पडला. वजन दीड किलो वाढलं, ते बहुतेक स्नायूंत धरलेलं पाणी असावं.

परवा रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते ज्यावरून बघतात तो आकडा) १.४. आदल्या दिवशी पायांचा जोरदार व्यायाम झाला होता आणि रात्री मटण होतं. क्रिएटिनचंच शरीरात क्रिएटिनिन बनतं, म्हणून किडनी चांगली असूनही आकडा चढू शकतो, एवढं मला कळतं. पण आमच्या वडिलांना बीपी आणि किडनीचा त्रास आहे. आई रिपोर्ट बघून त्या रात्री जेवलीच नाही. तिची भीती मला खोटी वाटत नाही. डबा सध्या बंद केलाय.

किडनीच्या डॉक्टरांकडे जाणारच आहे. पण कुणाचा असाच आकडा आला होता का? किती दिवस बंद ठेवून पुन्हा तपासलं? सिस्टॅटिन सी (किडनीचीच दुसरी रक्ततपासणी) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) या तपासण्या नांदेडला होतात, की छत्रपती संभाजीनगरलाच जावं लागतं?

आणि डॉक्टरांनी हो म्हटलंच, तर आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हात मैदानावर सराव करताना तुम्ही दिवसाला पाणी किती पिता?