शेवटचं सत्र: नवे घटक की जुन्याची डागडुजी?

लसावि
सहावी ते आठवीच्या शेवटच्या सत्रात काय शिकवावं, याचा दरवर्षी घोळ. पुस्तकात शेवटी छापलंय म्हणून सांख्यिकी आणि घनफळ शेवटी येतात, आणि वेळ संपला की तेच गळतात. आधी हिशेब मांडा. सत्र 10 आठवड्यांचं, गणिताच्या आठवड्याला 6 तासिका, म्हणजे 60. परीक्षेच्या 6, सुट्ट्या-कार्यक्रमांच्या 6, चाचण्यांच्या 4 वजा करा, उरल्या 44. घटकाला 11 धरल्या तर जेमतेम चार घटक.
माझं मत: नवे दोनच घ्या. बाकी 22 तासिका अपूर्णांक, ऋण संख्या आणि गुणोत्तर यांना. 1/2 + 1/3 = 2/5 लिहिणाऱ्या मुलाला समीकरणं शिकवून काय साधणार? क्ष/2 + क्ष/3 = 10 दिलं की तो 2क्ष/5 = 10 करून 25 काढणार. उत्तर आहे 12.

शून्यलब्धी
साफ असहमत. 22 तासिकांची उजळणी म्हणजे फळ्यावरचं उदाहरण वहीत उतरवणं. ज्याला येत होतं तो कंटाळतो, ज्याला येत नव्हतं त्याची वही तेवढी भरते. अपूर्णांक समीकरणातच पक्के होतात, कारण तिथे ताळा करता येतो. 25 परत घालून पाहिलं की चूक मुलालाच दिसते.
खरा धोका वेगळा आहे. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हे पहिल्याच दिवशी सांगितलं की 3क्ष = 12 मधून क्ष = 12 − 3 = 9 येतं. पहिल्या तीन तासिका फक्त तराजू: जे डावीकडे केलं तेच उजवीकडे. पक्षांतराचा शब्दसुद्धा काढायचा नाही.

काचनळी
गणिताच्या बाहेरही शाळा असते हो! विज्ञानात शेवटी विद्युत परिपथ येतो आणि तो आकृती काढून उरकतात. चौघांच्या गटाला 1.5 व्होल्टचे दोन सेल, एकसारखे दोन छोटे बल्ब, एक स्विच, सहा वायरी आणि दोन जोडतासिका पुरतात. एकसर जोडणीत बल्ब मंद होतात, समांतर जोडणीत एकट्या बल्बाइतकेच उजळतात. हे डोळ्यांनी दिसायला हवं. प्रयोग फसतो तो बहुधा वायरीच्या टोकांवर. प्लॅस्टिक 1 सेंटिमीटर तरी सोललेलं नसतं, किंवा टोक बल्बाच्या पत्र्याला नीट टेकत नाही. सेलची दोन्ही टोकं नुसत्या वायरीने जोडू देऊ नका. वायर तापते आणि सेल उतरतो.
आणि बीज अंकुरणाचा प्रयोग सत्राच्या पहिल्या आठवड्यात लावा. बिया परीक्षेचं वेळापत्रक बघत नाहीत.

अवग्रह
भाषेत मी लसाविंच्या बाजूने. शेवटच्या सत्रात तीन निबंध नकोत, एकच निबंध तीनदा लिहून घ्या. पहिला खर्डा, दोन दिवसांनी परिच्छेदांची मांडणी, मग वाक्यं आणि शुद्धलेखन. हे कोणी करत नाही, कारण 40 वह्या, वहीला 6 मिनिटं, म्हणजे एका फेरीला चार तास. त्यावर तोड अशी की प्रत्येक फेरीत एकच परिच्छेद आणि एकाच प्रकारची चूक तपासायची. वहीला 2 मिनिटं, 80 मिनिटांत काम संपतं. पान लाल करून दिलं तर मूल फक्त गुण बघतं.

लसावि
@शून्यलब्धी, ताळा करून बघा की. 25/2 + 25/3 त्या मुलाच्या पद्धतीने करा: वरचे मिळवले 50, खालचे मिळवले 5, उत्तर 10. ताळा जुळला! चुकीची पद्धत स्वतःलाच बरोबरची खूण करते, म्हणून पाया आधी.

शून्यलब्धी
हे मात्र फक्कड पकडलंत. तरी उपाय उजळणी नाही, अंदाज आहे. 25 चा अर्धा भागच साडेबारा. त्यात अजून काही मिळवून 10 कसे होतील? एवढं विचारलं की मूल थबकतं. प्रत्येक उदाहरणाआधी ‘उत्तर साधारण किती?’ असं अर्धा मिनिट.

लसावि
आणि हा अंदाज शिकवायला तासिका कुठून आणणार? माझ्या 22 मधूनच ना?

शून्यलब्धी
चार द्या. बावीस नाही.