स्वच्छ पोलाद भंगारात की स्लॅगमध्ये?

लॅडलकाका:
जालन्याच्या सळईचा विषय निघाला की गाडी भंगाराच्या दर्जावर येऊन थांबते. स्लॅगचं, म्हणजे वितळलेल्या पोलादावर तरंगणाऱ्या मळीचं, नाव कोणी काढत नाही. भंगार विजेवर वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीतला रस सरळ कास्टिंगला (ओतून घट्ट करायला) न पाठवता मध्ये लॅडल फर्नेस, म्हणजे रस शुद्ध करायची विजेची भट्टी, बसवा. चुना घालून बेसिसिटी (चुना भागिले सिलिका) दोनवर न्या, ॲल्युमिनियमची पूड टाकून स्लॅगमधलं लोह-ऑक्साइड एक-दोन टक्क्यांखाली आणा, खालून आर्गॉन वायू सोडून रस ढवळा. पोलादात नको असलेलं गंधक निमूट चुन्यात जाऊन बसतं. स्लॅग काळी, काचेसारखी दिसली तर काम अर्धवट. पांढरी दिसली आणि थंड होताना आपोआप भुगा झाली, की जमलं.

रॅमिंगमास:
आणि फॉस्फरस? तोही नकोच असतो. आयएस १७८६ या सळईच्या भारतीय मानकात ५००डी प्रतीच्या सळईला गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०४० टक्के, दोन्ही मिळून ०.०७५ अशी मर्यादा आहे. फॉस्फरस काढायला चुना हवाच, पण लोह-ऑक्साइड भरपूर आणि तापमान जरा कमी लागतं. तुमच्या पांढऱ्या स्लॅगखाली तर स्लॅगमध्ये गेलेला फॉस्फरसही रसात परततो. बरं, भट्टीतच चुन्याची स्लॅग करावी तर आमचं अस्तर सिलिकाचं, चुना ते खाऊन टाकतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! भंगार निवडण्यावाचून आम्हाला गत्यंतर नाही.

तारवाला:
मला मुळात 'जास्त चुना म्हणजे जास्त स्वच्छ' हेच पटत नाही. टायरच्या तारेच्या पोलादाला बेसिसिटी मुद्दाम एकच्या आसपास ठेवतात आणि ॲल्युमिनियमला जवळ फिरकू देत नाहीत. ॲल्युमिनियमपासून होणारा ॲल्युमिनाचा कण कडक, तार ओढताना तिथेच तुटते. सिलिकेटचे मऊ कण तारेबरोबर लांबत जातात. शिवाय बिलेट (चौकोनी लांब ठोकळे) ओतायच्या बारीक नोझलमध्ये ॲल्युमिना साचलं की कास्टिंग बंद. काका, पूड कसली टाकताय?

लॅडलकाका:
फेरोसिलिकॉनची. ॲल्युमिनियम मागे घेतो. फॉस्फरसही कबूल, तो भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजापासूनचं सच्छिद्र लोखंड) घेतानाच अडवायला हवा. पण गंधक हातातलं असताना तेही भंगाराच्या भरवशावर का?

रॅमिंगमास:
त्या लॅडल फर्नेसच्या विजेचं बिल भरा, मग सांगतो. गिऱ्हाईक भाव विचारतं, गंधक नाही.

लॅडलकाका:
मग टेस्ट सर्टिफिकेटवर आकडा छापता कशाला?

रॅमिंगमास:
आयएसआय मार्क हवा म्हणून. त्यातही खोटं काही नाही, ०.०४० च्या आतच असतो.

तारवाला:
एका हीटचा (भट्टीच्या एका घाण्याचा) की सगळ्या हीटचा?