रिले, एलईडी आणि सोलेनॉइड: सगळ्यांना एकच ड्रायव्हर इंटरफेस, साध्या सीमध्ये कसा मांडावा?

ठिबक_कंट्रोलर

ठिबक सिंचनाचा कंट्रोलर आहे. एसटीएम३२एफ१०३सी८ मायक्रोकंट्रोलर, आरटीओएस (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम) नाही, क्यूबचं एचएएल (हार्डवेअर हाताळणारी तयार लायब्ररी) वापरतोय. आउटपुट तीन जातींचे:

पीसी१३ पिनवर एलईडी (लो दिला की पेटतो). पीबी१२ वर पंपाच्या कॉन्टॅक्टरसाठी (मोठ्या विद्युत स्विचसाठी) ५ व्होल्टचं ऑप्टोकपलरवालं (सिग्नल प्रकाशाने पुढे नेणारं) लो-ट्रिगर रिले मॉड्यूल. आणि २४ व्होल्ट डीसीचे १६ सोलेनॉइड व्हॉल्व्ह, एमसीपी२३०१७ (आयटूसी बसवरून १६ जादा पिना देणारी चिप) आणि दोन यूएलएन२८०३ (कॉइलचा करंट पेलणाऱ्या चिप) मधून.

वरच्या कोडने फक्त "पंप चालू", "व्हॉल्व्ह ५ बंद" एवढंच म्हणावं, पिन कुठली आणि कुठल्या चिपची हे त्याला कळू नये, असा इंटरफेस हवाय. सध्या सगळीकडे स्विच-केस पसरलेत. शिवाय दोन त्रास आहेत: पॉवर दिल्यावर पंपाचा रिले क्षणभर ओढतो (चालू होतो), आणि टायमर इंटरप्टमधून (चालू कोड मध्येच थांबवून धावणाऱ्या कोडमधून) व्हॉल्व्ह बंद करायला गेलं की अधूनमधून सगळा कोड अडकतो. हे दोन्ही इंटरफेसच्या मांडणीतच सुटेल का, की वेगळं बघावं लागेल?

रजिस्टर_वाचक

दोन्ही मांडणीतच सुटतात. म्हणूनच इंटरफेस कागदावर आधी नीट ठरवा.

प्रत्येक सिग्नलचा एक स्ट्रक्ट करा. त्यात चार गोष्टी: ऑपरेशन टेबलचा पॉइंटर, त्या चिपच्या माहितीचा पॉइंटर, चॅनल नंबर आणि फ्लॅग. ऑपरेशन टेबलमध्ये तीनच फंक्शन पॉइंटर पुरतात: इनिट, सेट, गेट. हे सगळं कॉन्स्ट ठेवलंत की फ्लॅशमध्ये जातं. एका सिग्नलला १२ बाइट, तुमच्या १८ सिग्नलना २१६ बाइट. फंक्शन पॉइंटरमुळे वेळ जाईल ही भीती सोडा. ७२ मेगाहर्ट्झला तो खर्च मायक्रोसेकंदाच्या आतला आहे, रिलेला त्याचा पत्ताही लागत नाही.

पोलॅरिटी (हाय म्हणजे चालू की लो म्हणजे चालू) फ्लॅगमध्येच ठेवा आणि ती एकाच ठिकाणी उलटवा, ऑपरेशन टेबलच्या वरच्या सामाईक सेट फंक्शनमध्ये. वर नेहमी १ म्हणजे चालू. खालचा ड्रायव्हर फक्त पिनची पातळी जाणतो. झेफिर या आरटीओएसमध्येही हेच आहे: अ‍ॅक्टिव्ह-लो हे डिव्हाइसट्रीत (हार्डवेअरच्या वर्णनाच्या फाइलमध्ये) लिहायचं, कोडमध्ये लॉजिकल किंमत द्यायची. दोन थरांत दोनदा उलटवलं की चूक लपते आणि बोर्ड बदलल्यावर डोकं वर काढते.

आता रिलेचं. एफ१०३ मध्ये रीसेटनंतर आउटपुट रजिस्टर शून्य असतं. आधी पिन आउटपुट मोडला नेली की ती त्याच क्षणी लो होते, आणि लो-ट्रिगर मॉड्यूलला लो म्हणजे "ओढ". म्हणून क्रम असा: पोर्टचं क्लॉक चालू, मग बीएसआरआरमध्ये (पिन हाय-लो करणाऱ्या रजिस्टरमध्ये) "बंद"ची पातळी, आणि त्यानंतरच मोड. क्लॉकआधी लिहिलेलं वाया जातं. क्यूबचा तयार कोड क्रम बरोबर ठेवतो, पण त्या पिनची सुरुवातीची पातळी मूळ सेटिंगला लो असते, ती हाय करा. इंटरफेसमध्ये याचा अर्थ एवढाच की इनिटला सुरुवातीची लॉजिकल स्थिती सक्तीने द्यावी लागेल. ती न देता सिग्नल सुरूच होऊ नये.

एमसीपी२३०१७ लाही हाच नियम. रीसेटनंतर त्याच्या सगळ्या पिना इनपुट असतात आणि ओलॅट (आउटपुट पातळीचं रजिस्टर) शून्य. आधी ओलॅट लिहा, मग आयओडीआयआर (पिनची दिशा ठरवणारं रजिस्टर).

एक हार्डवेअरची गोष्ट जोडून सांगतो. ५ व्होल्टच्या मॉड्यूलला ३.३ व्होल्टचा पुश-पुल हाय दिला तर ऑप्टोच्या बाजूला १.७ व्होल्ट उरतात आणि काही मॉड्यूलचा रिले पूर्ण सुटत नाही. पीबी१२ ही ५ व्होल्ट सहन करणारी पिन आहे, ती ओपन-ड्रेन ठेवा (लो स्वतः ओढते, हायला मोकळी सुटते).

ओपन_ड्रेन

वरचं सगळं मान्य. अडकण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण नेमकं तिथेच "जेनेरिक" इंटरफेस फसवतो.

पिनवर लिहिणं म्हणजे एक रजिस्टर राइट. एमसीपीवर लिहिणं म्हणजे पत्ता, रजिस्टर आणि डेटाचे दोन बाइट: १०० किलोहर्ट्झला साधारण ०.३८ मिलिसेकंद, ४०० ला ०.१. शिवाय समोरची चिप नॅक (नकार) देऊ शकते. दोन्ही एकाच सेट फंक्शनमागे लपले की इंटरप्टमधून हाक मारणाऱ्याला फरक दिसत नाही. एचएएलचा पोलिंगवाला आयटूसी टाइमआउट सिसटिकवर (मिलिसेकंदाची टिक देणाऱ्या टायमरवर) मोजतो. तुमच्या टायमर इंटरप्टची प्रायॉरिटी सिसटिकइतकी किंवा वरची असेल तर टिक पुढे सरकतच नाही, टाइमआउट कधीच होत नाही. मेन लूप बसवर बोलत असताना मध्येच इंटरप्ट आला तर एचएएल बिझी परत देतो आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो. हे त्याहून वाईट.

उपाय: "ब्लॉक होऊ शकतो" हा फ्लॅग सिग्नलमध्ये ठेवा. लिनक्समध्ये जीपीआयओ चिपला कॅन-स्लीप असतोच. सामाईक सेटमध्ये तपासा: इंटरप्टमध्ये आहोत (आयपीएसआर, म्हणजे चालू इंटरप्टचा नंबर देणारं रजिस्टर, शून्य नाही) आणि फ्लॅग आहे, तर लगेच एरर परत. सेटने इंट परत द्यावा, व्हॉइड नको. इंटरप्टमधून फक्त हवी असलेली स्थिती रॅममध्ये नोंदवा, बसवर मेन लूप लिहील.

त्यासाठी १६ बिटांची शॅडो कॉपी (चिपच्या आउटपुटची रॅममधली प्रत) ठेवा. एक बिट बदलण्यासाठी चिप वाचून परत लिहू नका. शॅडोतला बिट मात्र इंटरप्ट थांबवूनच बदला, नाहीतर दोघे एकमेकांचा बदल पुसतात. कॉइलच्या गोंगाटाने एमसीपी मध्येच रीसेट झाला तर शॅडो म्हणेल "चालू" आणि व्हॉल्व्ह बंद असेल. दर सेकंदाला आयओडीआयआर वाचा. आउटपुट नेमलेल्या पिना पुन्हा इनपुट दिसल्या तर पूर्ण इनिट करा. त्याची रीसेट पिन तरंगती सोडू नका, १० किलोओहमने ३.३ व्होल्टला बांधा. यूएलएन२८०३ ची कॉमन पिन २४ व्होल्टला जोडली आहे ना, तेही बघा. ती मोकळी असेल तर कॉइल बंद होतानाचा व्होल्टेजचा झटका शोषणारे आतले डायोड कामच करत नाहीत.

ठिबक_कंट्रोलर

कॉमन पिन खरंच मोकळी आहे, आज जोडतो. एक शंका राहिली: एलईडीचं ब्लिंक आणि "व्हॉल्व्ह १० मिनिटं चालू" हे पण ऑपरेशन टेबलमध्ये टाकू का? आणि पुढच्या मॉडेलमध्ये बॅटरीवरचे लॅचिंग सोलेनॉइड येणार आहेत.

रजिस्टर_वाचक

वेळ ड्रायव्हरमध्ये नको. वर वेगळा थर करा: दर १० मिलिसेकंदाला फिरणारं टेबल, ज्यात सिग्नल, चालू वेळ, बंद वेळ आणि आवर्तनं. तो थर फक्त सेट वापरेल. वेळेची तुलना "आत्ता वजा सुरुवात" अशी अनसाइन्ड वजाबाकीनेच करा, कारण ३२ बिटांचा मिलिसेकंद काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो आणि कंट्रोलर शेतात त्याहून जास्त दिवस सलग चालतो.

लॅचिंग सोलेनॉइडला पातळी नाही, पल्स लागतो: एका दिशेचा उघडायला, उलट दिशेचा बंद करायला. वरचा "व्हॉल्व्ह ५ चालू" तसाच राहील, खाली एच-ब्रिजचा (करंटची दिशा उलटवणाऱ्या सर्किटचा) नवा ड्रायव्हर येईल. मात्र दोन गोष्टी बदलतात. पल्स कपॅसिटरमधून देणार असाल तर एका वेळी एकच व्हॉल्व्ह, म्हणून ड्रायव्हरमध्ये रांग हवी आणि सेटचा अर्थ "रांगेत घेतलं" असा होतो. दुसरं, पॉवर गेल्यावर व्हॉल्व्ह शेवटच्या स्थितीतच राहतो आणि गेटला खरी स्थिती कळत नाही. म्हणून गेटला "माहीत नाही" हे तिसरं उत्तर आत्ताच ठेवा, आणि त्या ड्रायव्हरच्या इनिटमध्ये प्रत्येक व्हॉल्व्हला बंदचा पल्स द्या.