तीन जिल्ह्यांच्या टीमची बैठक ऑफिसबाहेर घ्यायची आहे: शेत, धरण की सातपुडा?

प्रश्न (शिवारवाट, धुळे)

राम राम मंडळी. आमची बियाणे विक्रीची फील्ड टीम आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून १८ जण, त्यात ५ महिला. तिमाही आढावा दर वेळी धुळ्याच्या ऑफिसात होतो. खोली लहान, फोन सतत वाजतो आणि लोक लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसतात. यंदा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेर बसायचा विचार आहे. नावं पुढे आलीत ती अशी: कुणाचं तरी शेत (भरीत पार्टीसह), हतनूर धरण, पाटणादेवीचं जंगल, सातपुड्यातलं तोरणमाळ. एका दिवसात जाऊन यायचं आहे. विक्रीचे आकडे दाखवायचे आहेत आणि रब्बीतल्या तक्रारींवर बोलायचं आहे. जागा कशी निवडावी, वीज आणि प्रोजेक्टरचं काय करावं, परवानग्या कुठे लागतात? ज्यांनी अशा बैठका लावल्या आहेत त्यांनी नीट सांगावं.

उत्तर १ (तापीकाठ)

भाऊ, जागेच्या आधी विषय वेगळे करा. आकड्यांचा आढावा बाहेर नीट होत नाही. प्रत्येकाचे आकडे दोन दिवस आधी मोबाईलवर पाठवा आणि ए-थ्री कागदावर छापून आणा. बाहेर फक्त तेवढंच घ्या ज्यावर लोकांनी तोंड उघडायला हवं: तक्रारी, उधारी वसुली, विक्रेत्यांशी झालेले वाद, पुढच्या हंगामाचं वाटप. मोकळ्यावर माणूस बोलतो, पण तक्ता वाचत नाही.

प्रोजेक्टर नेऊच नका. ऑफिसातला ३०००-३५०० ल्युमेनचा प्रोजेक्टर झाडाच्या सावलीतही फिका पडतो. टीव्ही नेला तर त्याच्या काचेत आभाळच दिसतं. त्यापेक्षा चार बाय तीन फुटांचं प्लायवूड न्या, त्याला चार्ट पेपर चारही कोपऱ्यांना क्लिपने लावा. वरच्या दोनच क्लिपा लावल्या तर वाऱ्याने कागद उलटतो. स्टँड नसेल तर शेतातली बाज उभी करून झाडाला बांधा आणि प्लाय तिला सुतळीने आवळा, जागचं हलत नाही. मार्कर जाड टोकाचे, काळे आणि निळे घ्या. लाल रंग उन्हात लांबून वाचता येत नाही.

जागेसाठी माझं मत अमळनेरजवळचं शेत. नंदुरबारची माणसं धुळ्याला रस्त्याने येतात आणि तिथून पुन्हा गाडी धरतात, त्यात त्यांचा अर्धा दिवस जातो. सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव, जळगाव अशी ओळीने स्टेशनं आहेत. दोन्ही टोकांची माणसं रेल्वेने अमळनेरला उतरतील, धुळेकरांना रस्ता जवळचा आहे. तिथून १७ सीटर ट्रॅव्हलर आणि सोबत एक कार करून शेतावर जा. मोटारसायकलने यायला सांगू नका. हायवेवर उसाच्या ट्रॉल्या असतात आणि परतताना अंधार पडतो. शिवाय विप्रोची सुरुवात १९४५ साली याच गावात वनस्पती तेलाच्या कारखान्याने झाली, हे नव्या पोरांना सांगण्यासारखं आहे.

उत्तर २ (केळीबाग, रावेर)

शेत निवडलंत तर जागा आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन बघा, आणि ज्या वेळेला बैठक आहे त्याच वेळेला बघा.

सावलीचं आधी. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. सकाळी १० वाजता झाडाची सावली वायव्येला, दुपारी उत्तरेला आणि ३ वाजता ईशान्येला पडते. म्हणून खुर्च्या झाडाच्या उत्तर बाजूला मांडा, म्हणजे दिवसभरात एकदाच थोडं सरकावं लागतं. चिंच किंवा कडुनिंब पाहा. केळीच्या बागेत बसायचा मोह टाळा. आत दमट असतं, ठिबकच्या नळ्यांत पाय अडकतो आणि केळीचा चीक कपड्याला लागला तर डाग धुऊन जात नाही. बाग बघायची तर बैठक संपल्यावर कडेकडेने फिरवून आणा.

प्लास्टिकच्या खुर्च्या नांगरलेल्या काळ्या जमिनीत रुततात, जाड माणूस बसला की पाय मोडतो. खळ्याची चोपलेली जागा घ्या किंवा सतरंज्या टाका. सकाळी दव असतं, म्हणून सतरंजीखाली ताडपत्री हवी. धुळ्याकडे डिसेंबरात पारा १० अंशांच्या खाली उतरतो. त्यामुळे ९ वाजता बसवू नका, १० ला सुरू करून १ ला मुख्य काम संपवा.

विजेची खात्री करा. शेतीच्या फीडरवर (शेतपंपांच्या वेगळ्या लाईनवर) वीज पाळीने असते, कधी दिवसा कधी रात्री. मालक म्हणेल लाईट आहे, पण ती गावठाणच्या सिंगल फेजची आहे की मोटरच्या थ्री फेजची, हे विचारा. चार्जिंगसाठी पॉवर बँका न्या आणि विजेवर विसंबू नका. शेजारी मोटर किंवा डिझेल इंजिन चालू असेल तर १८ जणांचा आवाज पोहोचत नाही. तीन तास ते बंद ठेवता येईल का, तेही मालकाशी आधीच ठरवा.

आणि संडास. ५ ताई आहेत, तर कडी लागणारा दरवाजा, आत बादली आणि ड्रममध्ये पाणी, एवढं डोळ्यांनी बघितल्याशिवाय जागा पक्की करू नका. नसेल तर ती जागा सोडून द्या.

उत्तर ३ (सातपुडा_पायवाट)

तोरणमाळ एका दिवसात नको. शहाद्याच्या पुढचा घाट वळणांचा आहे, वर नेटवर्कचा भरवसा नाही, आणि नंदुरबार सोडून बाकीच्यांचा दिवस प्रवासातच संपेल. मुक्काम असेल तरच जा. पाटणादेवी गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात आहे आणि रावेरकडचं पाल यावल अभयारण्याला लागून. अशा ठिकाणी वनखात्याची परवानगी घ्या. चूल पेटवणं, स्पीकर लावणं चालत नाही, आणि प्लास्टिकचा कचरा परत न्यावा लागतो. भरीत करायचं असेल तर जंगल वगळाच. हतनूरला भिंतीवर आणि दरवाजांजवळ बसता येत नाही. काठावर बसलात तर पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यात बोलणं उडून जातं. हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षी येतात, त्यासाठी वेगळी सहल काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. झाडाखाली बसण्याआधी मान वर करून फांद्या बघा. वड, पिंपळ, उंबर, जुन्या विहिरीची कपार, पाण्याची टाकी, अशा ठिकाणी आग्या मोहोळ असतं. काळपट अर्धगोल पोळं एकाच फांदीला लटकलेलं दिसतं आणि त्यावर माश्यांचा थर हलताना दिसतो. एरवी त्या काही करत नाहीत, पण भरताचा धूर वर गेला की पिसाळतात. चूल किमान ५० मीटर लांब ठेवा, धूर वाऱ्याने झाडाकडे येणार नाही अशा बाजूला. माश्या उठल्याच तर हात हलवू नका. तोंड कपड्याने झाकून गाडीत किंवा खोलीत पळा आणि काचा लावा. विहिरीत उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत थांबतात. काटा नखाने खरवडून लगेच काढा. कुणाला धाप लागली, ओठ सुजले की थेट दवाखाना. म्हणून एक गाडी तोंड रस्त्याकडे करून, चावी ड्रायव्हरकडे ठेवूनच उभी करा.

उत्तर ४ (चुलीवरचं)

भरीत बैठकीच्या आधी किंवा मध्ये ठेवू नका. पोट भरलं की सावलीत डोळे मिटतात. शेवटचा तास चालू असताना चूल पेटवायला दोन माणसं वेगळी लावा, टीममधली नकोत.

२० जणांना (ड्रायव्हर धरून) ६ ते ७ किलो मोठी हिरवी भरताची वांगी घ्या. प्रत्येक वांग्याला सुरीने दोन-तीन टोचे मारा, नाहीतर वाफेने फुटतात. वरून तेलाचा हात फिरवा. वाळलेल्या पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) लवकर पेटतात आणि लवकर विझतात, म्हणून वांगी सारखी उलटावी लागतात. १५-२० मिनिटांत साल काळी पडून देठाजवळ बोट रुतलं की झालं. देठाजवळ कडक राहिलं तर भरीत तुरट लागतं. गरम असतानाच सोलून लाकडी भांड्यात ठेचा. मिक्सरमध्ये फिरवलं तर ते चिकट होतं. फोडणीत तेल सढळ, लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे. वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर. मिरची थोडी वेगळी ठेचून ठेवा, सगळ्यांना झणझणीत सोसत नाही. सोबत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या, माणशी ६. पाण्याचे २० लिटरचे ३ जार लागतील, हात धुण्याचं पाणी वेगळं.

उत्तर ५ (कागदपत्रं)

याला सहल म्हणू नका, लेखी आदेश काढा: तारीख, ठिकाण, वेळ, 'कार्यालयीन बैठक', प्रवासभत्ता. हजेरीपटावर सह्या घ्या. येता-जाता अपघात झाला तर कर्मचारी भरपाईच्या नियमांत (आधी १९२३ चा कायदा, आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२०) दुखापत कामाच्या ओघात झाली का, हा मुद्दा येतो, आणि तेव्हा हा कागद उपयोगी पडतो. लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात (२०१३) कामानिमित्त गेलेलं बाहेरचं ठिकाण आणि मालकाने दिलेलं वाहन ही दोन्ही कामाची जागाच धरली जातात. म्हणजे ऑफिसची तक्रार समिती तिथेही लागू आहे. आदेशात ते एका ओळीत लिहा. दारू चालणार नाही, हेही त्यातच लिहा. जागेवर सांगितलं तर वाद होतो.

शिवारवाट

सगळ्यांचे आभार. अमळनेरजवळचं शेत बघायला रविवारी जातोय. एकच विचारायचं राहिलं: उन्हाळ्यातली बैठक बाहेर कुठे?

तापीकाठ

मार्चनंतर मोकळ्यावर नको. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. लग्नाची तिथी नसलेल्या दिवशी मंगल कार्यालय स्वस्तात मिळतं. वरच्या मजल्याचं घेऊ नका, स्लॅब तापतो. सकाळी ८ ते ११ एवढीच वेळ धरा आणि कूलर खिडकीच्या बाहेर बसवायला सांगा, आत ठेवला तर तासाभरात खोली दमट होते.