टॉलस्टॉय आणि देव

रशियन लेखक टॉलस्टॉय नास्तिक होता म्हणून चर्चने त्याला बाहेर काढलं, हे म्हणणं मला पटत नाही. १९०१ मध्ये रशियन चर्चने त्याला आपला मानायचं नाकारलं, तेव्हा त्याने जाहीर उत्तर दिलं. त्याचा आशय असा: चर्च सोडलं हे खरं, पण देवाविरुद्ध बंड म्हणून नव्हे, देवाची सेवा करायची म्हणून.

पन्नाशीच्या आसपास त्याला जगणंच निरर्थक वाटू लागलं होतं. खोलीतल्या आडव्या तुळईला गळफास लावून घेऊ या भीतीने तो दोरी लपवून ठेवायचा, बंदूक घेऊन शिकारीला जायचा नाही. त्यातून त्याला सावरलं ते साध्या शेतकऱ्यांच्या श्रद्धेने. मग तोही त्यांच्यासारखे उपास करू लागला, चर्चला जाऊ लागला. पण चर्चमध्ये पाव आणि वाइनचा प्रसाद घेताना 'हे खरोखर ख्रिस्ताचं रक्तमांस आहे' असं पाद्र्याने म्हणायला लावलं आणि त्याच्या काळजात चर्र झालं. हा प्रसंग त्याने स्वतःच लिहून ठेवलाय. मला तर सगळ्या वादाचं मूळ तिथेच दिसतं. श्रद्धा हवी होती, पण खोटं बोलून नको होती.

आणि १९१० मध्ये, ८२ व्या वर्षी घर सोडल्यावर तो गेला कुठे? ऑप्टिना या रशियन चर्चच्याच मठात! तिथल्या साधूंच्या कुटीभोवती घुटमळला, आत मात्र गेला नाही. तिथून निघाला तो बहिणीकडे. ती चर्चची जोगीण (नन) होती. त्याच्या थडग्यावर क्रूस नाही, नुसता गवताळ उंचवटा आहे.