मदत हवी आहे: पार्टोग्राफ (कळा चालू असताना भरायचा प्रसूतीचा आलेख) बाळ झाल्यावर भरतात, काय करू?

शेवंती: लक्ष्यची (लेबर रूमचा दर्जा बघणारी सरकारी योजना) तपासणी तोंडावर आलीये आणि आमच्या लेबर रूममध्ये पार्टोग्राफ अजून डिलिव्हरीनंतरच भरतात. सगळे एकसारखे, ॲलर्ट लाईन (प्रसूती रेंगाळल्याचा इशारा देणारी रेषा) कुणीच ओलांडत नाही. ट्रेनिंग झालं, तक्ते लावले, सह्यांची वही काढली, फरक शून्य. लवकर सांगा प्लीज.

सह्यकडा: जिल्हा रुग्णालय की ग्रामीण? नाईटला सिस्टर किती? त्याशिवाय काय सांगणार.

डॉ_मोगरा: वही बंद करा आधी. आमच्या इन्चार्ज सिस्टर राऊंडला चालू केसचाच पार्टोग्राफ बेडपाशी वाचतात, जुन्या फायली बघतच नाहीत, त्यानं सवय लागली.

टॅबवाला: ॲप घ्या, वेळ आपोआप पडते, मागून भरताच येत नाही.

डॉ_मोगरा: ग्लोव्ह्ज घालून टॅब कोण चालवणार दादा?

वाचक_पुणे: डब्ल्यूएचओनं 2020 मध्ये लेबर केअर गाइड हा नवा पार्टोग्राफ आणलाय, त्यात ॲक्टिव्ह फेज (प्रसूतीचा जोराचा टप्पा) गर्भाशयाचं तोंड 5 सेंमी उघडल्यापासून धरतात. 4 सेंमीवाला जुना कशाला भरताय?

सह्यकडा: तपासणीच्या तोंडावर फॉर्म बदलायला सांगू नका, केसशीटमध्ये छापलाय तोच नीट भरू दे.

शेवंती: ग्रामीण आहे. नाईटला एकच सिस्टर, वॉर्डपण तिच्याकडेच. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके, कळा, नाडी, आणि तेच परत केसशीटवर उतरवायचं.

कोकणी_सिस्टर: अगं ताई, हे आधी सांगायचं ना! एकटी बाई दोनदा लिहिणार कधी? आम्ही अधीक्षक सरांकडून लेखी घेतलं की केसशीटवर फक्त 'पार्टोग्राफ पाहा' लिहायचं. कागद क्लिपबोर्डला लावून बेडपाशी ठेवला, पेन दोरीनं बांधलं, समोर घड्याळ. तेव्हापासून वेळेत भरला जातो.





टॅबवाला: लक्ष्यच्या सर्टिफिकेटला एकूण 70 टक्के लागतात, एवढं टेन्शन कशाला?

डॉ_मोगरा: ॲक्शन लाईन (ॲलर्टच्या पुढची, आता पाऊल उचला सांगणारी रेषा) ओलांडलेली बाई वेळेत रेफर व्हायला हवी म्हणून. रेषा खोटी असेल तर अडलेली बाई कळतच नाही कुणाला.

शेवंती: केसशीटचं उद्याच सरांशी बोलते. रेफर करताना मूळ पार्टोग्राफ द्यायचा का?

कोकणी_सिस्टर: मूळ तुमच्याकडे, झेरॉक्स चिठ्ठीसोबत. झेरॉक्स बंद असेल तर शेवटची पीव्ही (आतून केलेली तपासणी), ठोके आणि दोन्हींची वेळ चिठ्ठीवरच लिहा, आणि निघायच्या आधी जिल्ह्याच्या लेबर रूमला फोन करा.