सेकंड कंडिशनल कागदावर जमतं, बोलताना जमत नाही – सराव कसा करू?

नमस्कार मंडळी,

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी चालू आहे, त्यातल्या स्पीकिंगसाठी मदत हवी आहे. दहावीपर्यंत नांदेडला मराठी माध्यम, पुढे बी.फार्म. इंग्रजीत झालं, पण ते वाचायचं-लिहायचं इंग्रजी. आता डब्लिनला मास्टर्ससाठी अर्ज करायचाय.

अडचण नेमकी सांगते. सेकंड कंडिशनल, म्हणजे कल्पनेतलं 'असं झालं तर तसं करेन' सांगणारं वाक्य: 'इफ'नंतर साधा भूतकाळ, दुसऱ्या भागात 'वुड' आणि मूळ क्रियापद, हे सूत्र तोंडपाठ आहे. गाळलेल्या जागा भरायला दिल्या की सगळ्या बरोबर येतात. पण समोरून कुणी विचारलं, 'इफ यू कुड लिव्ह एनीव्हेअर, व्हेअर वुड यू लिव्ह?' की संपलं. 'इफ आय विल गेट अ चान्स' असं काहीतरी बाहेर पडतं, मग सूत्र आठवतं, वाक्य परत सुरू करते आणि तोवर सांगायचं काय होतं तेच विसरते. स्पीकिंगचा पार्ट थ्री चार-पाच मिनिटांचा असतो आणि त्यात 'समजा असं झालं तर' छापाचे प्रश्न हमखास येतात म्हणे.

क्लासमध्ये विचारलं तर गाळलेल्या जागांची आणखी एक झेरॉक्स हातात दिली. घरी सरावाला आई आहे आणि आरसा आहे, दोघांनाही इंग्रजी येत नाही.

बोलताना हे आपोआप यावं म्हणून नक्की काय करायचं? आणि 'इफ आय वॉज' म्हणायचं की 'इफ आय वेअर'? दोन्ही ऐकलंय.

*

काळाचहा: मी पण याच बोटीत. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

*

फळा_खडू: ताई, सूत्र पाठ आहे ना? मग आता थोडे दिवस ते बाजूला ठेवा. गोंधळ सूत्रात नाहीये, आपण मनात जे मराठी वाक्य धरून बोलतो त्यात आहे.

'पाऊस पडला तर सामना रद्द होईल.' यात 'पडला' दिसतं भूतकाळासारखं, पण गोष्ट उद्याची आणि अगदी शक्य कोटीतली. इंग्रजीत इथे 'इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड', म्हणजे फर्स्ट कंडिशनल. आपण 'पडला'च्या ओढीने 'रेन्ड' म्हणतो, 'होईल'च्या ओढीने 'विल' म्हणतो, आणि पहिलं अर्धं सेकंडचं, दुसरं अर्धं फर्स्टचं अशी खिचडी होते. 'लॉटरी लागली तर बंगला बांधीन' हेही मराठीत अगदी त्याच साच्यातलं. पण तिकीटसुद्धा काढलेलं नसताना माणूस हे बोलतो, तेव्हा इंग्रजीत ते 'इफ आय वन द लॉटरी, आय वुड बिल्ड अ बंगलो'. मराठी एकच साचा वापरते, इंग्रजी विचारते की बाबा रे, हे होण्यासारखं वाटतंय का तुला?

आता दुसरी खोच. 'माझ्याकडे गाडी असती तर तुला सोडलं असतं.' हे मी आत्ता दारात उभा राहून म्हणू शकतो आणि कालच्या लग्नाबद्दलही म्हणू शकतो. मराठीला फरक पडत नाही. इंग्रजीत आत्ताचं असेल तर 'इफ आय हॅड अ कार, आय वुड ड्रॉप यू होम'. कालचं असेल तर 'इफ आय हॅड हॅड अ कार, आय वुड हॅव ड्रॉप्ड यू होम', म्हणजे थर्ड. 'असतं' दिसलं की 'वुड हॅव' ठोकून देणारे कितीतरी विद्यार्थी मी पाहिलेत, चांगले मार्कवाले.

म्हणून आधी मराठी वाक्याच्या सुरुवातीला 'समजा' लावून बघा आणि मध्ये 'आत्ता' किंवा 'काल' घालून बघा. 'समजा' लावल्यावर गोष्ट फक्त कल्पनेतली वाटत असेल आणि 'काल' घालता येत नसेल, तर ते सेकंड. 'समजा माझ्याकडे आत्ता गाडी असती तर...' झालं काम. हे आठवडाभर फक्त मराठीत करा, इंग्रजी बोलूच नका. विचित्र वाटेल, पण निवड आधी आणि क्रियापद नंतर, हा क्रम बसतो.

त्यानंतर साखळी. आधीच्या वाक्याचं शेपूट पुढच्या वाक्याचं तोंड करायचं:

इफ आय हॅड अ शॉप, आय वुड सेल मिसळ.
इफ आय सोल्ड मिसळ, आय वुड गेट अप ॲट फोर.
इफ आय गॉट अप ॲट फोर, आय वुड फॉल अस्लीप ॲट एट.
इफ आय फेल अस्लीप ॲट एट, माय मदर वुड कॉल अ डॉक्टर.

'वुड सेल'चं 'सोल्ड' आणि 'वुड गेट'चं 'गॉट' करताना जीभ जिथे अडखळते, तेच तुमचं दुखणं. गाळलेल्या जागांमध्ये क्रियापद कंसात छापून दिलेलं असतं, त्यामुळे हा भाग तिथे घडतच नाही. मोठ्याने म्हणा, आईसमोर म्हणा. तिला इंग्रजी येत नसलं तरी तुम्ही कुठे थांबलात हे तिला बरोबर कळेल.

*

वाटसरू: वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण परीक्षेपुरतं एक. प्रत्येक वाक्याला 'इफ' लावू नका. 'इफ' एकदाच येतं, नंतर नुसतं 'वुड' चालवायचं. 'इफ आय कुड लिव्ह एनीव्हेअर, आयड लिव्ह नियर द सी. आयड वॉक एव्हरी मॉर्निंग, आय वुडन्ट ओन अ कार, अँड आयड प्रॉबेबली ईट टू मच फिश.' बोलणाऱ्या बहुतेकांचं तिसऱ्या वाक्याला 'आय विल' होतं, कारण 'इफ' मागे राहिलेलं असतं. व्याकरणाची विविधता आणि अचूकता हा स्पीकिंगच्या चार निकषांपैकी एक आहे, आणि असं चार वाक्यं टिकवलेलं 'वुड' एका घोटवलेल्या वाक्यापेक्षा चांगलं दिसतं. नेहमी 'वुड'च हवं असंही नाही. खात्री नसेल तिथे 'माइट', जमू शकेल तिथे 'कुड'.

आणि ऑफिसच्या मेलमधलं 'आय वुड बी कमिंग टुमारो' आधी सोडा. आपल्याकडे नम्रपणा म्हणून कुठेही 'वुड' पेरतात, मग खऱ्या 'वुड'ला धारच राहत नाही.

'वॉज' की 'वेअर': 'इफ आय वेअर यू' हे ठरलेलं, सल्ला देताना तेच. बाकी ठिकाणी बोलण्यात 'इफ आय वॉज' सर्रास चालतं.

फळा_खडू: चालतं, पण परीक्षेत 'वेअर'च म्हणा. आय, ही, शी, इट, सगळ्यांना 'वेअर'. कुणाची हरकत येणार नाही.

वाटसरू: गुरुजी, लंडनमध्ये राहणारी माझी भाची दिवसभर 'इफ आय वॉज' म्हणते. पण ठीक आहे, परीक्षेत तुमचं ऐकू दे.

*

धागाकर्ती: मनापासून आभार! मराठीतला 'समजा' लावून बघितला, फरक लगेच कळतोय. साखळी आईसमोर केली, 'मधेच गप्प का होतेस गं?' म्हणाली. आज स्वतःची वाक्यं केलीत, तपासाल का?

इफ आय कुड ड्राइव्ह, आय वुड गो टू लातूर टुनाइट.
इफ माय ब्रदर वुड बी हिअर, ही वुड लाफ ॲट मी.
इफ आय डिडन्ट हॅव अ जॉब, आय वुड स्लेप्ट टिल टेन.
इफ आय पास्ड द एक्झाम, आय वुड गो टू डब्लिन.

फळा_खडू: पहिलं उत्तम, 'कुड'सुद्धा योग्य जागी. दुसऱ्यात 'इफ'च्या बाजूला 'वुड' नको, 'इफ माय ब्रदर वेअर हिअर'. तिसऱ्यात साखळीची सवय उलटी लागलीय, 'वुड'नंतर मूळ रूप, 'वुड स्लीप'.

चौथं व्याकरणात बरोबर आहे, पण मला पटत नाही. एक तर आयईएलटीएसमध्ये पास-नापास नसतं, बँड म्हणजे गुणांची पातळी मिळते. दुसरं, फी भरलीत, तारीख घेतलीत, रोज आईसमोर बसताय, आणि वाक्य लॉटरीच्या तिकिटाचं? हे फर्स्टमध्ये टाका. इफ आय गेट सेव्हन, आय विल गो टू डब्लिन.